चन्नव्वाची करडगी

लोहाऱ्याच्या पेठेत पत्तारांच्या दुकानी कुणी चांदीची वस्तू घेऊन आलं, की ओट्यावर बसलेली माणसं आधी विचारायची, "घडवायचंय का घासायचंय?" घडवायचं असेल तर धुळाप्पाकडं जायचं आणि घासायचं असेल तर सोमलिंगकडं. धुळाप्पा धाकटा. त्याला बोलायला आवडायचं, हातोडी चालवता चालवता तो गावभरच्या गप्पा हाणायचा. सोमलिंग थोरला, पण गिऱ्हाइकाला त्याचं तोंड फारसं दिसायचंच नाही. दिसायचा तो वाकलेला माथा आणि पाण्याच्या परातीवर मागं-पुढं होणारे दोन हात.

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं होत आली होती. निजामाचे हाली रुपये चलनातून उठले, तसे लोकांनी गाडग्यात पुरून ठेवलेले रुपये उकरून काढले आणि पत्तारांच्या मुशीत ओतले. त्यांचे तोडे झाले, करदोडे झाले, करडग्या झाल्या. भावाच्या हातून वस्तू सुटली की ती खरबरीत, काळवंडलेली, कानशीच्या ओरखड्यांनी भरलेली असायची. सोमलिंग ती परातीत घ्यायचा. आधी कुरुंदाचा तुकडा, मग बापापासून चालत आलेला काळा मऊ दगड, मग कोळसा, आणि शेवटी चकाकी आणायची हकीकाची ओपणी. प्रत्येक वेळी पाणी लावायचं, घासायचं, धुवायचं, अंगठा फिरवून बघायचं. चांदी उजळायची म्हणजे ती झिजवायची, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. परातीच्या तळाशी जो करडा गाळ बसतो, ती त्याचीच चांदी असते.

दगड बोटंही खातो. सोमलिंगच्या अंगठ्यावरच्या रेषा केव्हाच पुसून गेल्या होत्या. कुठं अंगठा उठवायची वेळ आली तर कागदावर नुसता शाईचा डाग उठे आणि लोक खो खो हसत. सोमलिंगला त्याचं भूषणच वाटे. आपल्या बोटांना आता बारीक धार, बारीक कड पहिल्यासारखी कळत नाही, हे त्याच्या ध्यानात येऊ लागलं होतं. पण माणूस स्वतःची अशी गोष्ट स्वतःलासुद्धा सांगत नसतो. त्यानंही सांगितली नाही.

करडगी म्हणजे लिंगायताच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. पोट गोल, दोन्हीकडची टोकं निमुळती, आणि वर खाचेत घट्ट बसणारं झाकण. ती उजळायला द्यायची म्हणजे पंचाईतच. लिंग बाळपणी गळ्यात पडतं ते मातीत जाईपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. म्हणून ज्याची करडगी, तो माणूस दुकानातच बसून राहायचा. लिंग डाव्या तळहातावर, त्यावर धुतलेलं फडकं. करडगी परत गळ्यात पडेपर्यंत उठायचं नाही, खायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा शिरस्ता. सोमलिंग एरवी अशी कामं भराभर उरकायचा. समोर उपाशी माणूस बसलेलं असताना हात आपोआप चालतो.

त्या उन्हाळ्यात चन्नव्वा आली. गुंडप्पा सावकाराची ही चुलती, कागदोपत्री चन्नम्मा, पण सगळं गाव चन्नव्वा म्हणायचं. प्लेगात नवरा गेला तेव्हा ती पोर होती. नवऱ्याचं तोंड तिला आठवतही नव्हतं. पुढचं सगळं आयुष्य दिराच्या घरात भाकऱ्या थापण्यात, दुसऱ्यांची लेकरं वाढवण्यात गेलं. हातात काकण नाही, गळ्यात मणी नाही. होती ती एवढी एक करडगी, सासऱ्यानं तिच्या बापाच्या तोंडाकडं बघून करून दिलेली. रोज पहाटे ती लिंग तळहातावर घेऊन बसायची आणि त्याच्याशी कन्नडमध्ये हळू आवाजात बोलायची. घरातली पोरं चेष्टा करत, की आजी नवऱ्याशी भांडतीय. ती म्हणायची, भांडायला तरी दुसरं कोण हाय मला.

गुंडप्पाच्या लेकीचं लग्न होतं. आळंद-कल्याणकडचे, कानडी मुलखातले पाहुणे यायचे होते. चारचौघींत आपली करडगी काळी दिसू नये, एवढी एक हौस म्हातारीला झाली होती. ती सकाळीच येऊन दुकानात बसली, लिंग तळहातावर घेतलं, फडकं टाकलं.

दुपार झाली तरी सोमलिंगचे हात थांबेनात. करडगी झकास उजळली होती. पण झाकणाच्या कडेला एक जुना चरा होता, तो काही केल्या जाईना.

"झालं का न्हाय, सोमलिंगा?" चन्नव्वानं विचारलं. तिचे ओठ सुकून गेले होते.

"झालंच, अव्वा. एक चरा ऱ्हायलाय कडंला."

"ऱ्हाऊ दे की. माज्या तोंडावर काय कमी चरं हायेत?"

"तुमच्या तोंडाचं म्या काय करणार? हे माज्या हातात हाय."

म्हातारी हसली. सोमलिंगनं पुन्हा काळा दगड घेतला. चरा खोल होता, झाकण जिथं खाचेत बसतं त्या ओठावरच होता. तो घासत गेला. अंगठा फिरवला, अंगठा काही बोलला नाही. शेवटी चरा गेला. त्यानं ओपणी फिरवली, करडगी पुसली आणि झाकण लावून पाहिलं.

झाकण बसलं. पण नेहमी जो टणक आवाज येतो, तो आला नाही. मऊ, पोकळ काहीतरी वाजलं. सोमलिंगनं ते ऐकलं. कड पातळ झाली होती. आता ती भरायची म्हणजे धुळाप्पाला चांदी वितळवून डाक द्यायला लावायचा, आगीत सगळी करडगी पुन्हा काळी करायची आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा घासत बसायचं. समोर म्हातारी सकाळपासून कोरडी बसलेली. आणि खरं सांगायचं तर, एवढी सुंदर झालेली वस्तू पुन्हा आगीत घालायचं त्याच्या जिवावर आलं. बसतंय की, असं तो मनाशी म्हणाला. चन्नव्वानं लिंग करडगीत ठेवलं, झाकण लावलं, करडगी डोळ्यांपुढं धरली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून सोमलिंगलाही बरं वाटलं.

लग्नात करडगीचं कौतुक झालं. पाहुणेमंडळी पांगली, मांडव उतरला. मग एका सकाळी चन्नव्वा मळ्यातल्या विहिरीवर भांडी घासायला गेली. पोहरा ओढायला ती वाकली, पोहऱ्याचा दोर करडगीला घासला आणि झाकण उघडलं. पाण्यात काहीतरी पडल्याचा बारीकसा आवाज झाला. तिनं गळ्याशी हात नेला तेव्हा डबी रिकामी होती.

ती घरी आली, पडवीत भिंतीशी बसली आणि गुंडप्पाला म्हणाली, "लिंग पडलं. आता म्या अन्नपाण्याला शिवणार न्हाय."

हे बोलणं लोहाऱ्यात कुणाला नवं नव्हतं. लिंग हरवलं की ते सापडेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, आणि सापडलंच नाही तर तसंच जायचं, ही जुनी चाल. अलीकडं कुणी एवढं ताणत नसे. मठाचे स्वामी आले, त्यांनी समजूत घातली, की दुसरं लिंग देतो, दीक्षा देतो, शास्त्रात वाट आहे. चन्नव्वानं हात जोडले.

"स्वामी, तुमी म्हणता ते खरं असंल. पण नवरा गेला तवा बी मला कुणी दुसरा दिला न्हाय. तवा माजं चाललं. आता बी चालंल."

स्वामी उठून गेले.

गुंडप्पा पेठेत आला तो रिकामी करडगी घेऊन. सोमलिंगच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "बघ बरं, झाकण का उघडलं असंल?"

सोमलिंगनं करडगी उचलली. ओठाची कड उजेडात धरली तर कागदासारखी झाली होती. पाहणाऱ्याला दिसली नसती, पण त्याला दिसली.

"लई जुनी व्हती, न्हाय?" गुंडप्पाच म्हणाला.

"व्हय," सोमलिंग म्हणाला. "जुनी व्हती."

एवढ्या तीन शब्दांत त्यानं स्वतःची मान सोडवून घेतली. गुंडप्पा गेल्यावर धुळाप्पानं भावाकडं पाहिलं. त्यालाही कळलं असावं. तो हातोडी उचलून पुन्हा कामाला लागला.

विहीर उपसायला लागले. दोन मोटा जुंपल्या, शेजारच्या मळ्यातलं नवं तेलाचं इंजिनही आणलं. पाणी उतरायचं आणि झरे पुन्हा भरायचे. तळाचा गाळ टोपल्यांतून वर यायचा, बाया तो चाळणीनं धुवायच्या. धोंडीबा नावाचा गडी विहिरीत उतरण्यात तरबेज होता. कमरेला दोर बांधून तो गाळात बुडायचा, हातानं चाचपायचा. दुसऱ्या दिवशी, पाणी खाली गेल्यानं सुटलेला बांधणीतला एक दगड वरून निसटला आणि धोंडीबाच्या पायावर बसला. त्याला वर काढला तेव्हा पाऊल पार चेंदलेलं होतं. त्याची बायको काठावर बसून रडली नाही, नुसती विहिरीकडं बघत राहिली. गुंडप्पानं दुसरे दोघे उतरवले. काकू मरणार असेल तर विहीर कशाला ठेवायची, असं तो म्हणत होता. तो वाईट माणूस नव्हता. त्या बाईनं त्याला लहानाचा मोठा केला होता.

सोमलिंग रोज काठावर जाऊन बसायचा. पडवीतही एकदा डोकावून आला. चन्नव्वाचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती. तिनं त्याला ओळखलं, मान हलवली. तो तसाच घरी आला. भर दुपारची वेळ, सगळी पेठ विहिरीवर गेलेली. त्यानं बापाचा तो काळा दगड काढला आणि हातोडीनं फोडला.

ज्या दगडावर उभ्या घराचं पोट चाललं होतं, तो फोडताना त्याला काही वाटलं नाही. आतला बरा तुकडा घेतला, कुरुंदावर गोल केला, त्याला लिंगाचा घाट दिला. काजळी, राख आणि बिब्ब्याचं तेल खलून त्याचा लेप चढवला, बागेसरीच्या, म्हणजे दुकानातल्या शेगडीच्या उबेला धरून वाळवला, पुन्हा चढवला. बिब्ब्यानं बोटं पोळली. लेपावर ओपणी फिरवून फिरवून त्यानं ते असं केलं, की हातात धरवत नव्हतं, निसटत होतं. चांगलं काम करायची सवय माणसाला कुठंही सोडत नाही. खोटं करतानाही त्याच्याच्यानं वाईट करवलं नाही.

ते मुठीत घेऊन तो विहिरीवर गेला, गाळाची एक टोपली पुढं ओढली, चाळणीत हात घातला, आणि मग मूठ वर केली. काठावर एकच गलका झाला. कुणी भंडारा उधळला, कुणी त्याच्या पाया पडलं. गुंडप्पा तर लहान पोरासारखा रडायला लागला.

सोमलिंग ते घेऊन पडवीत आला. मागं सगळं गाव होतं. चन्नव्वाला उठवून बसवलं, तिनं डावा हात पुढं केला. लिंग तळहातावर पडलं. तिचा अंगठा त्याच्यावरून फिरला. एकदा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग तिनं मूठ मिटली आणि गुंडप्पाला म्हणाली, "सापडलं. समद्यास्नी घरला जाऊ दे. मला सोमलिंगाशी दोन शब्द बोलायचंत."

माणसं बाहेर गेली. सोमलिंग तिच्यापुढं उभा राहिला, त्याला बसायचंही सुचलं नाही.

"कुणी केलं रं हे?"

"म्या केलं, अव्वा."

"माज्या लिंगाला एक टवका व्हता. लहानपणी माज्याच हातनं दगडावर पडलं व्हतं. रोज सकाळी अंगठा तिथंच जाऊन बसायचा." तिला धाप लागली. थोडं थांबून ती म्हणाली, "हे लई गुळगुळीत हाय, बाबा."

सोमलिंगच्या तोंडून सगळं एकदमच बाहेर पडलं. "झाकण म्याच झिजवलं. त्या दिशी आवाज ऐकला व्हता. ऐकून बी तसंच दिलं तुमास्नी."

"आवाज मला बी आला व्हता," चन्नव्वा म्हणाली. "मला वाटलं, बोलले तर हा पुन्हा आगीत घालंल. तहान लई लागली व्हती. आन् करडगी लई देखणी झाली व्हती."

बाहेर बाया चहाचं आधण ठेवत होत्या, त्यांचं हसणं आत येत होतं.

"पाणी घ्या, अव्वा," सोमलिंग म्हणाला. "म्या पाया पडतो. कुणाला कळणार न्हाय."

"मला कळंल की." तिनं डोळे मिटले. "तू मातुर कुणाला सांगू नगंस. सांगितलंस तर गुंडू पुन्हा माणसं उतरवंल. धोंडीबाचा एक पाय गेला, तेवढं बास झालं. शपथ घे तुज्या लिंगाची."

सोमलिंगनं गळ्यातल्या करडगीवर हात ठेवला. त्यावाचून त्याला दुसरं काही करता आलं नाही.

त्यानंतर चन्नव्वानं सगळ्यांसमोर पेज घेतली. तोंडात धरायची आणि कूस बदलली की पदरात सोडायची. पाणी ओठाला लावायची, गिळायची नाही. उपासानं आतडी बसली, काही ठरत नाही, असं घरच्यांना वाटलं. वैद्य आला, त्यानंही तेच सांगितलं. तिच्या खाटेजवळ बसून सोमलिंग ते सगळं बघत होता. पदर ओला झाला की ती त्याच्याकडं बघायची आणि तो मान फिरवायचा.

एकदा मात्र त्याला राहवलं नाही. तो उठला आणि गुंडप्पाला गाठायला मळ्यात गेला. शपथ गेली चुलीत, सांगून टाकायचं, म्हातारीला धरून पाणी पाजू दे, असं ठरवून गेला. गुंडप्पा मोटांचे दोर गुंडाळून ठेवत होता. विहिरीत पाणी वर चढलं होतं. बाजूला बाभळीखाली धोंडीबा पाय पसरून बसला होता, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, त्यावर माश्या.

"या पत्तार," धोंडीबा म्हणाला. "तुमच्या हाताला लई यश. तुमाला घावलं नसतं तर माजा भाऊ उतरणार व्हता."

सोमलिंग विहिरीकडं बघत राहिला. सांगितलं तर म्हातारी पाणी पिणार नव्हतीच. तिला धरून पाजायला गेलं तर ती अपमानानं मेली असती, आणि विहिरीत पुन्हा माणसं उतरली असती. न सांगितलं तर ती नुसती मरणार होती. गुंडप्पानं विचारलं, काय काम काढलं. काही नाही, सहज आलो, असं म्हणून तो परतला. वाटेत एका बांधावर बसून तो खूप रडला. एवढा मोठा माणूस भर उन्हात रडताना बघून गुराखी लांबून निघून गेले.

चन्नव्वा गेली ती सकाळच्या वेळी, तळहात उघडा टाकून. लिंग खाटेखाली घरंगळलं होतं. चेहरा मात्र शांत होता. लोक म्हणाले, म्हातारीच्या मरणाचं सोनं झालं, लिंग सापडल्यावरच प्राण सोडला.

तिला मातीत बसवायला अख्खा गाव लोटला. खड्ड्यात मांडी घालून बसवली, कपाळी विभूती लावली. आता डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं आणि मूठ मिटवायची. स्वामींनी गुंडप्पाकडं पाहिलं. गुंडप्पा पुढं आला, सगळ्यांदेखत वाकून सोमलिंगच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "हा मान तुमचा. तुमी नसता तर काकू रिकाम्या हातानं गेली असती."

सोमलिंग खड्ड्यात उतरला. त्यानं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. बोटं ताठली होती. त्यानं ती एकेक करून मिटवली, हात सोडला, तर बोटं पुन्हा हळूहळू उघडली आणि लिंग मांडीवर पडलं. त्यानं उचलून पुन्हा ठेवलं. मूठ पुन्हा उघडली. वर माणसं बेलाची पानं हातात घेऊन खोळंबली होती. मग त्यानं दोन्ही हातांनी तिची मूठ दाबून धरली आणि तसाच बसून राहिला. विभूतीची पोती रिकामी होत होती, त्याच्या डोक्यावर, खांद्यावर राख पडत होती.

"सोड आता, सोमलिंगा," स्वामी वरून म्हणाले.

तो सोडेना. शेवटी स्वामींनी लिंग गळ्यात बांधायचा शिवदोरा खाली दिला, दोघांनी खाली उतरून मूठ त्या दोऱ्यानं बांधली आणि सोमलिंगला धरून वर घेतलं. किती माया केली पत्तारानं म्हातारीवर, असं बाया एकमेकींना सांगत होत्या. गुंडप्पानं त्याचं अंग झटकलं, त्याला हाताला धरून घरी नेलं आणि पंगतीत पहिल्या पानावर बसवलं.